मेसेज एकाच्या नावाचा, नातं दोघांचं: ग्राफ डेटाबेसला रांगा आणि वेब जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. खाती, उपकरणं आणि फोन नंबर यांची माहिती वेगवेगळ्या सेवांकडून येते, काही काफ्कावरून (मेसेज ओळीने साठवून पुढे देणारी प्रणाली) आणि काही जुन्या जेएमएस रांगेतून (जावातली मेसेज-रांग). ती निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे नोड आणि त्यांच्यातली नाती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, उतरवायची आणि कोण कोणाशी जोडलेलं आहे हे तपासनिसांना ब्राउझरमध्ये ताजं दाखवायचं. रांगेतून डेटाबेसमध्ये आपोआप लिहिणारा तयार कनेक्टर लावला आणि चाचणीत सगळं सुरळीत चाललं. खरा भार आल्यावर मात्र एकाच खात्याचे दोन-दोन नोड दिसू लागले, डेडलॉकच्या (दोन लिखाणं एकमेकांची वाट पाहत अडकल्याच्या) चुका यायला लागल्या आणि पुसून टाकलेली काही खाती पुन्हा उगवली. आता कनेक्टर बदलावा का?

बदलू नका. मी हे काम तयार कनेक्टरने केलंय, हाताने लिहिलेल्या कन्झ्युमरने (रांगेतून मेसेज वाचणाऱ्या कार्यक्रमाने) केलंय आणि मधे प्रणाली जोडणारं अपाची कॅमल बसवूनही केलंय. तिन्ही वेळा हीच तीन लक्षणं दिसली, कारण दोष नळात नसून वरून येणाऱ्या पाण्याबद्दल आपण जे धरून चालतो त्यात असतो.

रांग क्रमाचं वचन देते, पण ते एका नावापुरतं. काफ्कातला प्रत्येक टॉपिक, म्हणजे मेसेजचा प्रवाह, पार्टिशन नावाच्या तुकड्यांत वाटलेला असतो. क्रम पार्टिशनच्या आत टिकतो आणि कुठलं पार्टिशन हे मेसेज-कीवरून ठरतं. खातं क्रमांक ही की ठेवली तर त्या खात्याचे सगळे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये ओळीने येतात. टेबलांच्या डेटाबेसला एवढं पुरतं, कारण तिथे बहुतेक वेळा एक मेसेज म्हणजे एक ओळ. ग्राफमध्ये मात्र 'हे खातं या उपकरणावरून वापरलं' हा मेसेज दोघांबद्दल असतो. की खात्याची ठेवली तर उपकरणाच्या बाजूने क्रम सुटतो, उपकरणाची ठेवली तर खात्याच्या बाजूने. दोन्ही टोकं सांभाळेल अशी की नसतेच. त्यात खाती एका टॉपिकवर, उपकरणं दुसऱ्यावर आणि वापराच्या नोंदी तिसऱ्यावर असतील (तुमच्याकडे तशाच असणार), तर टॉपिकांच्या आपापसातल्या क्रमाची हमी कुणीच देत नाही.

जेएमएसकडेही याहून वेगळं काही नाही. एका पाठवणाऱ्याने एका रांगेत टाकलेले मेसेज क्रमाने येतात, पण वाचणारे दोन झाले की तो क्रम संपला. जेएमएसएक्स-ग्रुप-आयडी लावून गट पाडता येतात, पण एका मेसेजला गट एकच. रॅबिटएमक्यू या आणखी एका रांग-प्रणालीत 'सिंगल अॅक्टिव्ह कन्झ्युमर' आहे, मूल्यावरून मेसेज वाटणारं कन्सिस्टंट हॅशचं एक्स्चेंज आहे, तिथेही वाटणी एकाच मूल्यावर होते. शिवाय परत रांगेत टाकलेला मेसेज आपल्या मूळ जागी बसेलच असं नाही.

यावर सरळ तोड म्हणजे एक पार्टिशन आणि एक कन्झ्युमर. बरेच जण तिला हसतात. मी हसत नाही. गठ्ठ्याने लिहिणारा एकटा कन्झ्युमर बराच भार पेलतो, त्यामुळे आधी तो मोजून पाहा. तुमची गर्दीच्या वेळची आवक त्यात बसत असेल तर पुढचं निम्मं उत्तर तुम्हाला लागणार नाही. दोनदा येणाऱ्या मेसेजचा प्रश्न मात्र तेव्हाही उरतो, तो भाग वाचा.

बसत नसेल, तर क्रम राखायच्या मागे लागू नका. मेसेज कोणत्याही क्रमाने आणि कितीही वेळा आले तरी ग्राफ शेवटी एकसारखाच व्हावा, अशा रीतीने लिहायचं. सगळी मेहनत इथे आहे.

सुरुवात ओळखीपासून. नोडच्या प्रत्येक लेबलला (प्रकाराला) एक ओळख-गुणधर्म आणि त्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच ओळख दुसऱ्या नोडला मिळू न देणारा नियम. तुमच्याकडचे दुहेरी नोड इथूनच आले असणार, यावर मी पैज लावेन. सायफर या निओफोरजेच्या क्वेरी-भाषेतलं मर्ज म्हणजे 'असेल तर घे, नसेल तर बनव', पण कन्स्ट्रेंट नसेल तर दोन व्यवहार (ट्रान्झॅक्शन) एकाच क्षणी पाहतात, दोघांनाही काही सापडत नाही आणि दोघेही बनवतात. मर्जमध्ये स्वतःचं कुलूप नाही, ते कन्स्ट्रेंटमुळे मिळतं. वर कन्स्ट्रेंटबरोबर इंडेक्स येतो. तो नसेल तर प्रत्येक मर्ज त्या लेबलचे सगळे नोड चाळत बसतो, आणि ग्राफ वाढेल तसं लिहिणं मंदावत जातं.

मर्जचे आणखी दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे खातं, नातं आणि उपकरण असा अख्खा नमुना एकाच मर्जमध्ये लिहिणं. त्यातला एक तुकडा नसला तरी मर्ज सगळा नमुना नव्याने बांधायला जातो. कन्स्ट्रेंट असेल तर चूक येते, नसेल तर जुळे जन्माला येतात. म्हणून आधी एका टोकाचं मर्ज, मग दुसऱ्याचं आणि शेवटी दोघांमधल्या नात्याचं. दुसरा खड्डा म्हणजे मर्जच्या कंसात नाव, पत्ता, स्थिती असं सगळं भरणं. कंसात फक्त ओळख ठेवा, बाकीचं पुढे सेटने लिहा. नाही तर माणसाने पत्ता बदलला की तो डेटाबेससाठी नवा माणूस होतो. आणि निओफोरजेचा आतला नोड-क्रमांक बाहेर कुठेही ओळख म्हणून वापरू नका. नोड पुसला की तो क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळू शकतो.

आता नातं आधी आणि टोक नंतर, हा प्रसंग. वापराची नोंद आली, पण खात्याचा मेसेज अजून दुसऱ्या टॉपिकवर अडकलाय. इथे बहुतेकांच्या हातून मॅच लिहिलं जातं: खातं शोध, उपकरण शोध, नातं जोड. खातं सापडलं नाही तर मॅच शून्य ओळी देतं, पुढचं काहीच घडत नाही, चूक येत नाही, व्यवहार यशस्वी होतो आणि ऑफसेट (रांगेत कुठवर वाचलं तो क्रमांक) पुढे सरकतो. ते नातं कायमचं गेलं आणि कुठल्याही लॉगमध्ये त्याची नोंद नाही. डेडलॉक निदान आरडाओरडा तरी करतो. मला भीती या मुक्या गळतीची वाटते. एका कामात ती आमच्या लक्षात यायला काही महिने गेले, तेही एका तपासनिसाने 'हे दोघे एकच फोन वापरतात हे मला बाहेरून माहीत आहे, तुमच्या चित्रात का नाही' असं विचारलं म्हणून.

म्हणून टोकांनाही मर्जच करा. खातं नसेल तर फक्त ओळख असलेला पोकळ नोड तयार होऊ द्या आणि 'तपशील बाकी' अशी खूण त्यावर ठेवा. खात्याचा मेसेज आला की तोच नोड भरला जातो आणि खूण निघते. पोकळ नोड मोजत राहा. थोडे असणं आणि काही मिनिटांत भरले जाणं ठीक. त्यांचा आकडा चढत चालला असेल तर एखाद्या सेवेचे मेसेज येणंच थांबलंय. हा आकडा मला कुठल्याही देखरेखीच्या फलकापेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण दोन स्वतंत्र प्रवाह एकमेकांची साक्ष देतात.

यानंतर आवृत्ती. प्रत्येक मेसेजमध्ये मूळ प्रणालीने दिलेला वाढता आवृत्ती-क्रमांक हवा. लिहिताना अट एकच: आलेला क्रमांक नोडवरच्या क्रमांकापेक्षा मोठा असेल तरच सेट कर. क्रमांकाच्या जागी घड्याळाची वेळ वापरायचा मोह होतो, पण दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत; मूळ टेबलातली ओळीची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. एकाच नोडवर दोन सेवा लिहीत असतील (खात्याची स्थिती एकीकडून, जोखमीचा गुण दुसरीकडून) तर प्रत्येक सेवेची आवृत्ती वेगळ्या गुणधर्मात ठेवा. एकच ठेवली तर मोठे आकडे वापरणारी सेवा दुसरीला कायमची गप्प करते. नात्यांवरही आवृत्ती हवी, कारण 'जोडलं' आणि 'सोडलं' हे दोन मेसेज उलट्या क्रमाने येऊ शकतात. सोडलेलं नातं लगेच पुसू नका, 'सक्रिय नाही' अशी खूण करा.

आता पुसलेली खाती परत का उगवली ते दिसेल. खातं पुसल्याचा मेसेज आला, डिटॅच डिलीट (नोड आणि त्याची नाती पुसणं) झालं. मागाहून त्याच खात्याची रेंगाळलेली वापर-नोंद आली, तिने मर्ज केलं आणि मेलेलं खातं पोकळ रूपात उभं राहिलं. त्यामुळे पुसताना नोड काढायचा नाही. त्याचे सगळे गुणधर्म आणि नाती काढा, ओळख ठेवा, 'पुसलेलं' ही खूण आणि आवृत्ती ठेवा. हे करतानाही मॅच नको, मर्जच हवं, कारण पुसल्याचा मेसेज कधी कधी जन्माच्या मेसेजच्या आधी पोचतो. उशिरा आलेल्या नात्याला ही खूण दिसली की त्याने मुकाट बाजूला व्हायचं. या सांगाड्यांची साफसफाई रात्री एखाद्या कामाने करावी, पण जुने मेसेज परत येण्याची शक्यता संपल्यावरच. काफ्काचा मूळ साठवण-काळ ७ दिवसांचा असतो. तुमच्याकडे तो वाढवलेला असेल तर सांगाडेही तितके दिवस राहू द्या. वैयक्तिक माहिती पुसण्याचं बंधन असेल तर ओळखीच्या जागी तिचा गुप्त-कीने केलेला हॅश (उलटा वाचता न येणारा सांकेतिक मजकूर) ठेवून हेच साधता येतं, पण मग सगळीकडे तो हॅशच ओळख म्हणून वापरावा लागतो. हा निर्णय पहिल्या दिवशी घ्या.

आता दोनदा येणारे मेसेज. 'काफ्कात एक्झॅक्टली-वन्स, म्हणजे नेमकं एकदाच, आहे की' असं कुणीतरी म्हणतंच. आहे, २०१७ मधल्या ०.११ आवृत्तीपासून. पण ते काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरतं. तुमचा ग्राफ त्या व्यवहाराच्या बाहेर उभा आहे. जेएमएसवाले दोन टप्प्यांच्या कमिटची (दोन प्रणालींनी मिळून एकच व्यवहार पक्का करण्याची) आठवण काढतात, पण बोल्ट ड्रायव्हरने (निओफोरजेशी बोलणाऱ्या लायब्ररीने) जोडलेला निओफोरजे त्या व्यवस्थेत बसत नाही. तेव्हा क्रम एकच: आधी ग्राफमध्ये कमिट, मग रांगेला पोच. मधे यंत्र पडलं तर तोच मेसेज पुन्हा येईल आणि वर सांगितलेल्या शिस्तीमुळे काही बिघडणार नाही.

बिघडतं ते मोजणीत. 'वापर-संख्या अधिक एक' असं लिहिलंत की मेसेज दुसऱ्यांदा आल्यावर आकडा फुगतो, आणि कुठला आकडा खरा हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. याला दोन उपाय आहेत. प्रत्येक वापराला स्वतःची ओळख देऊन त्याचा नोड करा आणि विचारताना मोजा. मी बहुतेकदा हेच करतो. किंवा प्रत्येक टॉपिक-पार्टिशनसाठी ग्राफमध्ये एक छोटा नोड ठेवून त्यावर शेवटचा लिहिलेला ऑफसेट त्याच व्यवहारात नोंदवा, आणि त्याचा व त्याआधीचे मेसेज पुन्हा आले तर टाकून द्या. एका पार्टिशनला एका वेळी एकच कन्झ्युमर असल्यामुळे त्या नोडवर झटापट होत नाही. जेएमएसला ऑफसेट नाही, तिथे मेसेजची ओळख साठवत बसावं लागतं, आणि ती वही वाढत जाते.

यावरूनच सांगतो: जेएमएस रांगेतून थेट ग्राफमध्ये लिहू नका. एक पातळ पूल करून ते मेसेज काफ्कावर आणा आणि ग्राफला एकच दार ठेवा. जेएमएस रांगेतला मेसेज पोच दिली की नाहीसा होतो. पहिल्या वर्षात तुमचं ग्राफचं मॉडेल बदलणार, नक्की बदलणार: आज गुणधर्म असलेला फोन नंबर उद्या नोड व्हावा लागेल, कारण तपासाची अर्धी गंमत सामाईक फोन नंबरातच असते. तेव्हा जुने मेसेज पुन्हा वाहवून रिकाम्या डेटाबेसमध्ये नवा ग्राफ बांधता आला पाहिजे. ७ दिवसांच्या साठवणीत हे जमणार नाही. खाती आणि उपकरणं कॉम्पॅक्शन लावलेल्या टॉपिकवर ठेवा, म्हणजे प्रत्येक कीचा निदान शेवटचा मेसेज हाताशी राहतो.

डेडलॉकचं कारणही दोन टोकांतच आहे. नातं जोडताना साधारणपणे दोन्ही टोकांच्या नोडवर कुलूप घ्यावं लागतं. एका व्यवहाराने खातं धरलं आणि उपकरणाची वाट पाहतोय, दुसऱ्याने उपकरण धरलंय आणि त्याला खातं हवंय. त्यात एखादं उपकरण हजारो खात्यांशी जोडलेलं असतं, सार्वजनिक ठिकाणचा संगणक म्हणा, आणि प्रत्येक गठ्ठ्यात त्याचा हात असतोच.

मी दोन टप्पे करतो. पहिल्या टप्प्यात फक्त नोड, हव्या तितक्या कन्झ्युमरने समांतर, कारण तिथे एका मेसेजला एकच टोक असतं. दुसऱ्या टप्प्यात नाती, अगदी कमी कन्झ्युमरने; काफ्का कनेक्टमध्ये (कनेक्टर चालवणाऱ्या व्यवस्थेत) त्या सिंकची, म्हणजे लिहिणाऱ्या कनेक्टरची, कमाल टास्क-संख्या १ ठेवून सुरुवात करा आणि गरज पडली तरच वाढवा. गठ्ठ्यातल्या मेसेजना टोकांच्या ओळखीप्रमाणे आधी क्रम लावा, म्हणजे सगळे व्यवहार कुलपं साधारण एकाच क्रमाने मागतात. गठ्ठ्यात एकाच ओळखीचे पाच मेसेज असतील तर सर्वांत मोठ्या आवृत्तीचा ठेवा, बाकीचे लिहूच नका. मग उरलेली यादी एकाच पॅरामीटरमध्ये देऊन अनवाइंडने (यादी एकेक करून उलगडणाऱ्या सायफरच्या आज्ञेने) लिहा. मी ५०० ते १००० च्या गठ्ठ्यापासून सुरू करतो. क्वेरीचा मजकूर कधीही जोडून-जोडून बनवू नका. पॅरामीटर वापरलेत तर क्वेरी चालवायची आखणी कॅशमधून (आधीच्या साठ्यातून) मिळते आणि मेसेजमधून कुणी सायफर घुसवण्याचा धोका टळतो. नात्याचा प्रकार जुन्या आवृत्त्यांमध्ये पॅरामीटरने देता येत नाही, तिथे मान्य प्रकारांची यादी करून प्रत्येकाला वेगळी ठरलेली क्वेरी ठेवा.

एवढं करूनही अधूनमधून डेडलॉक येईल, आणि ते चालतं. निओफोरजे त्याला तात्पुरती चूक मानतो आणि ड्रायव्हरची व्यवस्थापित व्यवहाराची पद्धत वापरलीत तर तो स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, सेटिंग न बदलल्यास ३० सेकंदांपर्यंत. इथे एक छुपी साखळी आहे. काफ्का कन्झ्युमर एका खेपेत मुळात ५०० मेसेज उचलतो आणि दोन खेपांमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त गेली तर त्याला गटातून बाहेर काढलं जातं. तुम्ही ते ५०० मेसेज एकेक करून लिहीत असाल आणि पुन्हा-प्रयत्न लांबत गेले, तर कन्झ्युमर बाहेर पडतो, त्याचं काम इतरांना मिळतं, भार वाढून तेही बाहेर पडतात आणि सगळे मिळून तेच तेच मेसेज लिहीत राहतात. लॉगमध्ये सगळे कामात दिसतात, ऑफसेट मात्र जागचा हलत नाही. यापायी मी एक आख्खी रात्र डेटाबेसला दोष देत घालवली आहे.

न सुधारणाऱ्या मेसेजसाठी वेगळी रांग हवी, पण चुकांची वर्गवारी करून. जोडणी तुटली, डेडलॉक झाला, तर थांबा आणि परत करा. ओळखच नाही, तारखेच्या जागी अक्षरं आली, तर डेड-लेटर, म्हणजे ती वेगळी रांग. काफ्का कनेक्ट मुळात पहिल्याच चुकीला टास्क थांबवतो. सहनशीलता वाढवून डेड-लेटर टॉपिक दिलात तर पुढे जातो, पण लक्षात ठेवा, मेसेज उलगडतानाच्या चुका तो आपणहून तिकडे टाकतो, लिहितानाच्या चुका टाकायच्या की नाही हे कनेक्टरच्या हातात असतं. आणि त्या टॉपिकला एखादा नेमका माणूस मालक म्हणून द्या.

उलट दिशेबद्दल थोडक्यात. ग्राफमध्ये काही घडलं की बाहेर मेसेज जायला हवा असेल तर एकाच कोडमध्ये 'ग्राफमध्ये लिही, मग काफ्कावर पाठव' असं करू नका. मधल्या क्षणी यंत्र पडलं की दोघांचं गणित कायमचं चुकतं. त्याच व्यवहारात एक 'जावक' नोड लिहा आणि वेगळा छोटा कार्यक्रम तो वाचून पाठवू दे. निओफोरजेच्या एंटरप्राइझ आवृत्तीत बदल टिपण्याची सोय आहे, अॅमेझॉन नेपच्यून या ग्राफ डेटाबेसमध्ये त्यासाठी स्ट्रीम्स आहेत. तुमच्याकडे असतील तर त्या वापरा. फक्त मेसेजवर उगमाची खूण ठेवा. एका सेवेने पाठवलेला बदल ग्राफमधून फिरून तिच्याकडेच गेला आणि तिने तो पुन्हा पाठवला, तर हा रहाट थांबत नाही.

आता वेब. निओफोरजेचा जावास्क्रिप्ट ड्रायव्हर ब्राउझरमध्ये थेट चालतो, त्याचं स्वतःचं ब्राउझर-साधन तसंच चालतं. म्हणून तुम्हीही तसं करायला जाऊ नका. पासवर्ड प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जातो आणि कुणीही कसलीही क्वेरी चालवू शकतो. मधे एपीआय (ब्राउझरच्या मागण्या घेऊन उत्तर देणारा थर) हवाच. तो रेस्टचा असो की ग्राफक्यूएलचा, मला फारसा फरक पडत नाही. नावावरून गोंधळू नका, फेसबुकने २०१५ मध्ये खुलं केलेलं ग्राफक्यूएल ही एपीआयची भाषा आहे, ग्राफ डेटाबेसशी तिचा जन्मसंबंध नाही. उत्तरांचा घरट्यासारखा आकार जुळतो हे खरं, आणि स्कीमावरून सायफर बनवून देणारी लायब्ररीही निओफोरजेकडे आहे. पण 'खात्याची उपकरणं, त्या उपकरणांवरची खाती, त्या खात्यांची उपकरणं' एवढ्या तीन पायऱ्यांत तो सार्वजनिक संगणक लागला की उत्तर डेटाबेस ओढून नेतं. खोलीला मर्यादा, ओळींना मर्यादा आणि व्यवहाराला वेळेची मर्यादा, तिन्ही सर्व्हरवर. माझा कल मोजके नावाचे प्रश्न देण्याकडे असतो: शेजारी दाखव, दोघांमधला मार्ग दाखव, गट दाखव. तपासनीस दिवसभर यांतच फिरतात.

एक बारकी गोष्ट, पण रडवते. निओफोरजेचे पूर्णांक ६४ बिटांचे असतात आणि जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूक राहत नाही. म्हणून ड्रायव्हर स्वतःचा पूर्णांक-प्रकार देतो, आणि कुणीतरी तो सोयीसाठी साध्या आकड्यात बदलून टाकतो. मोठ्या खाते-क्रमांकाचे शेवटचे अंक गुपचूप बदलतात आणि तपासनिसाला भलत्याच माणसाचं खातं दिसतं. ओळख कायम मजकूर म्हणून साठवा आणि पाठवा.

ताजेपणासाठी लोक लगेच वेबसॉकेटकडे (दोन्ही दिशांनी बोलणाऱ्या जोडणीकडे) धावतात. तुमच्याकडे माहिती एकाच दिशेने जाते, त्याला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. जोडणी तुटली तर ब्राउझर आपणहून परत जोडतो आणि शेवटच्या घटनेची ओळख सोबत पाठवतो, म्हणजे मधलं हुकलेलं देता येतं. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका ठिकाणी साधारण ६ च जोडण्या उघडतो आणि तपासनीस डझनभर टॅब उघडून बसतात, म्हणून एचटीटीपी २ लावा.

त्या प्रवाहातून माहिती पाठवू नका, फक्त सूचना पाठवा: अमुक ओळख बदलली, आवृत्ती इतकी. ब्राउझरला ती दिसत असेल तर तो एपीआयकडून ताजं मागून घेईल. आणि ही सूचना कुठून निघते हे महत्त्वाचं. जो टॉपिक ग्राफला भरतो त्याच टॉपिकवरून ब्राउझरला सूचना दिलीत, तर ती ग्राफच्या आधी पोचते, ब्राउझर विचारतो, जुनंच उत्तर मिळतं आणि पुन्हा विचारायचं कारण उरत नाही. सूचना ग्राफमध्ये लिहिणाऱ्याने, कमिट झाल्यावर काढायची. क्लस्टर (एकाच डेटाबेसच्या अनेक प्रती) असेल तर वाचणारी प्रत मागे असू शकते. कमिटनंतर ड्रायव्हर जो बुकमार्क देतो तो सूचनेबरोबर एपीआयपर्यंत पोचवा. त्या बुकमार्कने वाचलं की ती प्रत तो व्यवहार येईपर्यंत थांबते. सूचना सेकंदभर साठवून एकत्र सोडल्या तरी कुणाचं काही अडत नाही.

चित्राबद्दल माझं मत जरा कडक आहे. ग्राफ काढायला साइटोस्केप.जेएस घ्या, मोठा पसारा असेल तर वेबजीएलवर (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरणाऱ्या सोयीवर) चालणारं सिग्मा.जेएस घ्या, डी३ ने एसव्हीजीमध्ये हजारो नोड हलवायला गेलात तर पंखा फिरू लागेल. पण काही शे नोडांपुढे माणसाला जे दिसतं ते केसांचं गुंतवळ असतं, लायब्ररी कुठलीही असो. दाट नोड मिटून ठेवा, त्यांच्या बाजूला जोडलेल्या खात्यांची संख्या दाखवा आणि मागितलं तरच उघडा. नवीन नातं आलं की अख्खी मांडणी पुन्हा करू नका. तपासनिसाने डोळ्यांनी जागा लक्षात ठेवलेल्या असतात. असलेले नोड खिळवून ठेवा आणि नवा नोड त्याच्या शेजाऱ्याजवळ उमटू द्या. पोकळ नोड तुटक रेषेने फिके दाखवा. ते लपवण्याचा आग्रह होईल, मान्य करू नका. 'या खात्याचा तपशील अजून आलेला नाही, पण ते या उपकरणाशी जोडलेलं आहे' ही तपासातली माहितीच आहे.

निओफोरजे सोडून दुसरं काही वापरणाऱ्यांसाठी: ग्रेम्लिन या दुसऱ्या ग्राफ-भाषेत (ती टिंकरपॉप या संचाचा भाग आहे) टिंकरपॉप ३.६ पासून मर्ज-व्ही आणि मर्ज-ई या पायऱ्या आहेत, पण त्या एकमेवपणाची हमी खालचा डेटाबेस देतो का हे पाहावं लागतं. जॅनसग्राफ हा ग्राफ डेटाबेस कॅसँड्रासारख्या साठवणीवर असेल तर एकमेवपणासाठी कुलपं वेगळी चालू करावी लागतात आणि ती महाग पडतात. आरडीएफवाले (माहिती 'हा, नातं, तो' अशा त्रिकांत ठेवणारे) सुखी: तेच त्रिक दोनदा घातलं तरी एकच राहतं. पण नात्यावर आवृत्ती ठेवायची वेळ आली की ते सुख संपतं, कारण साध्या त्रिकावर गुणधर्म लटकवता येत नाही.

हे सगळं जमलंय की नाही याची परीक्षा एकच. खऱ्या प्रवाहातले दहा हजार मेसेज नोंदवून घ्या. ते एका रिकाम्या डेटाबेसमध्ये आले त्या क्रमाने ओता. दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये पत्त्यांसारखे पिसून ओता, काही दोनदा, चार कन्झ्युमर समांतर लावून. मग दोन्हीकडचे नोड, नाती आणि गुणधर्म ओळखीच्या क्रमाने बाहेर काढून ओळीला ओळ ताडा. फरक शून्य हवा. आमच्याकडे ही चाचणी प्रत्येक बदलानंतर आपोआप चालते, आणि ती पडते तेव्हा जवळजवळ नेहमी कुणीतरी मर्जच्या जागी मॅच लिहिलेलं असतं.

तुमच्या आत्ताच्या ग्राफचं काय, तर दुहेरी नोड असताना युनिक कन्स्ट्रेंट बसणारच नाही, डेटाबेस नकार देईल. एपॉक (APOC) या निओफोरजेच्या जोड-लायब्ररीत नोड एकत्र करण्याची प्रक्रिया आहे, थोडे असतील तर ती चालवा. पण मॅचमुळे जी नाती लिहिलीच गेली नाहीत ती त्याने परत येणार नाहीत. जुने मेसेज काफ्कात अजून असतील तर साफसफाईत वेळ घालवू नका. साठवण-काळ आजच वाढवा, शेजारी रिकामा डेटाबेस उभा करा, आधी कन्स्ट्रेंट लावा, नव्या कन्झ्युमर गटाने सुरुवातीपासून वाचा आणि तो ताजा झाला की एपीआयचं तोंड तिकडे वळवा.